आधी बोलावं लागतं

एमेट आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं माझ्या बाबांच्या रेनकोटला कमरेतून वाकून नमस्कार केला.

डिसेंबर होता. जपानातल्या आमच्या साबाए गावाला बर्फ पडतो तो असा, की निम्मा पाऊसच असतो. दार सरकवून एक ताडमाड माणूस आत आला. खांदे ओलेचिंब, आणि तळहातावर चष्म्याचे दोन तुकडे. खुंटीवरच्या रेनकोटसमोर उभा राहून तो अगदी अदबीनं म्हणाला, "माफ करा… तुम्हाला त्रास देतोय."

मी तिथून दोन हातांवर टेबलाशी बसले होते. हसू दाबायला मला जरा वेळ लागला.

"ते फारसे बोलत नाहीत," मी म्हटलं. "इकडे या."

आवाजाकडे वळताना त्यानं स्टूल पाडलं, मग स्टुलाचीही माफी मागितली. आम्ही चष्मे विकत नाही, दुरुस्तही करत नाही. आम्ही फ्रेम बनवतो आणि कंपन्यांना पाठवतो. हे त्याला सांगून दार दाखवायला हवं होतं. पण चष्मा गेलेला माणूस किती निराधार असतो हे आमच्या चष्मे बनवणाऱ्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. बिजागरीचा स्क्रू निसटला होता, एवढंच. मी काडी बसवली, काचा पुसल्या आणि चष्मा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं, काढला आणि पुन्हा चढवला.

"काय झालं? टोचतोय?"

"नाही. आवाजावरून मला वाटलं होतं, तुम्ही… पन्नाशीच्या असाल."

"आणि आता?"

"आता मी निघतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "नाहीतर आणखी काहीतरी बोलून बसेन."

असं बोलून गेलेला माणूस परत येतोच. आठवडा उलटायच्या आत तो आला, मिझुयोकानचा डबा घेऊन. लाल चवळीची ही गारेगार वडी बाकीचा देश उन्हाळ्यात खातो, आम्ही फुकुई भागातली माणसं भर थंडीत, गरम दुलईत पाय घालून. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आई त्याच्यावर तिथल्या तिथे खूष झाली. मी खूष झाले नाही असं दाखवलं. मला ते बरं जमतं.

हळूहळू त्याची सगळी कथा कळली. मिनेसोटातल्या कुठल्याशा गोठलेल्या गावचा हा मुलगा साबाएत राहून फुकुईत एका शिकवणीत इंग्रजी शिकवायचा. ती शिकवणी वर्षअखेरीस बंद पडणार होती. परदेशी माणसाला इथं नुसतं राहायला आवडतं म्हणून राहता येत नाही. कुणीतरी त्याला कामावर घ्यावं लागतं, आणि त्या मालकानं सरकारी कचेरीत कागद देऊन सांगावं लागतं, की हा माणूस मला हवाय. मगच व्हिसा. जुना मालक गेला की नवा शोधा, तोही वसंत सरायच्या आत. नाही सापडला तर सामान बांधा.

तो शोधत होता. पण त्याचं शोधणंही त्याच्यासारखंच. मुलाखतीला सगळे काळ्या सुटात जातात, हा मोहरीच्या रंगाचा कोट घालून गेला. तुमच्यातला दोष सांगा म्हटल्यावर सगळे जण 'मी फार कष्ट करतो' म्हणतात. यानं सांगितलं, मला सकाळी उठवत नाही.

"हे तुम्ही खरंच सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं होतं."

"विचारलं म्हणून खरं सांगायचं असतं होय?"

तो विचारात पडला. विचारात पडला की तो खालचा ओठ दाताखाली धरायचा. मी फ्रेम मोजत होते, मोजणी चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

नशिबानं आमच्याकडेच एक अडचण होती. कोलोरॅडोतल्या एका दुकानाला आमच्या फ्रेम आवडल्या होत्या, पण त्यांच्या पत्रांना उत्तरं मी द्यायचे, शब्दकोश मांडीवर घेऊन. माझ्या एका उत्तरानंतर त्यांनी अर्धा माल रद्दच केला. एमेटनं एकदा सहज बसून एक उत्तर लिहून दिलं, तर त्यांनी मागणी दुप्पट केली. त्या रात्री जेवताना बाबांनी आईला विचारलं, "तो विजेचा खांब जेवतो काय?" बाबा एखाद्याच्या जेवणाची चौकशी करतात याचा अर्थ त्यांचं ठरलेलं असतं.

बाबांनी त्याला नोकरी देऊ केली, व्हिसासाठी लागतील ते कागदही देतो म्हणाले. आमच्यासारख्या पाच माणसांच्या कारखान्याला कचेरी खोदून खोदून विचारते, की धंदा चालतो का, पगार परवडेल का, परदेशी माणूसच कशाला. कागदांचा तिटकारा असलेले बाबा संध्याकाळी नाकावर चष्मा घेऊन ते सगळं जमवत बसायचे. मार्च संपताना कागद द्यायचे ठरलं.

या दिवसांत आम्ही दोघं फिरत होतो. ट्रामनं फुकुईला जायचो, सोबाच्या गार शेवया किसलेला मुळा घालून खायचो, निशियामा बागेत तांबड्या पांडाकडे बघत उभे राहायचो. एकदा देवळाच्या गोठलेल्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला आणि त्यानं माझा हात धरला. पायऱ्या संपल्या. पुढचा रस्ता सपाट होता, मिठानं बर्फ विरघळलेला होता, घसरायची काही सोय नव्हती… तरी हात तसाच. मीही सोडवून घेतला नाही. त्याच्या हातमोज्याला एका बोटाशी भोक होतं आणि तेवढ्याच जागी त्याची ऊब मला लागत होती.

सगळं छान होतं. फक्त तो बोलत नव्हता.

आमच्याकडे रीत अशी, की मुलानं नाहीतर मुलीनं समोर उभं राहून सरळ सांगायचं. तुम्ही मला आवडता, माझ्यासोबत याल का. समोरचा हो म्हणाला, की त्या घटकेपासून ती दोघं एकमेकांची. त्याआधी शंभर वेळा सोबा खाल्ली असेल, तर शंभर वेळा सोबाच खाल्ली.

माझी मैत्रीण कानाए माझे केस कापताना दर वेळी विचारायची, "बोलला का गं?"

"नाही."

"हात धरला तरी?"

"तरी."

"मग काही नाही ते. बर्फ वितळला की तोही जाईल." आणि कात्री चालवायची.

मार्चच्या मध्यावर सुमिए आत्या फोटो घेऊन आली. शेजारच्या ताकेफू गावचा दंतवैद्य, घरचा दवाखाना, दात अर्थातच सुरेख. येत्या रविवारी भेटायचं का? मी मनाशी विचार केला, आपण कुणाला बांधील आहोत का? नाही. विचारलंय का कुणी? नाही. मग मी हो म्हटलं. थोडं रागानंही म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सोबा खाताना मी ते एमेटला सांगितलं. रविवारी जमणार नाही, एका मुलाला भेटायला जायचंय, आत्यानं स्थळ आणलंय. त्याच्या काड्यांतली सोबा वाडग्यात परत पडली.

"स्थळ," तो म्हणाला. "तुमच्यासाठी?"

"आत्यासाठी नाही."

"पण… आपण दोघं…"

"आपण दोघं काय?"

"चितोसे-सान, मला वाटत होतं की आपण… आहोत."

"कधीपासून?"

"त्या पायऱ्यांपासून," तो म्हणाला. "निदान माझ्यापुरतं तरी. आमच्याकडे कुणी जाहीर करत नाही. माणसं भेटत राहतात, भेटत राहतात, आणि मग एक दिवस… असतात."

"आमच्याकडे आधी बोलावं लागतं," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "नाहीतर मुलीला कळणार कसं? मी काय तुमच्या हातमोज्यावरून ओळखायचं?"

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खाणं थांबवलं. एमेटनं काड्या नीट आडव्या ठेवल्या, पाठ ताठ केली, श्वास घेतला. मला कळलं, आता बोलतोय. आणि तो… थांबला.

"आज नाही बोलता येणार," तो हळूच म्हणाला. "दहा-बारा दिवसांनी तुमचे बाबा माझ्यासाठी कागदावर शिक्का मारणार. आज हे बोललो तर लोक म्हणतील, व्हिसा मिळावा म्हणून मालकाच्या मुलीला गटवलं. बाबांच्या मनातही एकदा तरी येईल. तुमच्याही."

"माझ्या नाही येणार."

"आत्ता नाही. कधी भांडलो तर येईल."

मी पैसे ठेवले आणि उठून आले. रागही आला होता आणि त्या वेड्या माणसाचं म्हणणं पटलंही होतं. दोन्ही एकदम झालं की मी भराभर चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांकडे आला आणि त्यानं नोकरी नाकारली. कारण सांगितलं नाही, फक्त खूप वेळ वाकून माफी मागितली. स्वीकारलेली नोकरी ऐन वेळी सोडणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही. बाबांनी दिवसभर कामातून मान वर केली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, की त्या मुलाचं डोकं फिरलंय, दुसरं काही हातात नसताना ताटावरून उठला. मला कारण माहीत होतं, तरी मी बोलले नाही. ते बाबांना सांगायचा हक्क त्याचा होता आणि त्यानं तो वापरला नव्हता.

मी आत्याला फोन करून दंतवैद्य रद्द केला.

"का गं? कुणी आहे का तुझ्या मनात?" आत्यानं विचारलं.

"आहे. पण अजून व्हायचाय," मी म्हटलं. आत्याला यातलं काही कळलं नाही.

मग एप्रिल आला. चेरी फुलली, गळून गेली. एमेट कधी नागोयाला, कधी ओसाकाला मुलाखती देत हिंडत होता. नकाराची पत्रं फार गोड भाषेत येतात आमच्याकडे, वाचणाऱ्याला आधी वाटतं सत्कारच केलाय. आम्ही भेटत नव्हतो. तो रात्री फक्त निरोप पाठवायचा, आज काय खाल्लं एवढाच. मीही काय खाल्लं ते कळवायचे. महिनाअखेरीस त्यानं लिहिलं की आता एकच जागा उरलीय. कानाझावाला सोन्याचा वर्ख करणारी जुनी पेढी आहे, त्यांना परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी माणूस हवाय. उद्या सकाळी मुलाखत. नाही जमलं तर पुढच्या आठवड्याचं विमानाचं तिकीट काढून ठेवलंय.

मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस नोकरी मिळेपर्यंत बोलणार नव्हता. नाही मिळाली तर न बोलताच विमानात बसणार होता. आणि मी मेली वाट बघत बसले होते. जसं काही बोलायचा मक्ता त्याचाच.

सकाळी मी स्टेशनवर गेले. फलाटावर शाळेची मुलं, एक भाजीवाली आजी आणि हा. अखेर काळा सूट घातला होता, तो मनगटाशी आखूड. मला बघून तो गोंधळला.

"तुम्ही… इकडे?"

"तुम्हाला गाठायला आले," मी म्हटलं. धावत आल्यामुळे मला धाप लागली होती. मी त्याच्यासमोर नीट उभी राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पिशवी घट्ट धरली. "एमेट-सान. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून आवडता, रेनकोटसकट. माझ्यासोबत याल का?"

शाळेची मुलं वळून बघायला लागली. त्याचे कान लाल होत गेले, मग मानही.

"चितोसे-सान, थांबा," तो म्हणाला. "आधी नोकरी मिळू दे. संध्याकाळपर्यंत कळेल. मी आत्ता हो म्हटलं आणि व्हिसाच मिळाला नाही तर…"

"मी व्हिसाला विचारत नाहीये. तुम्हाला विचारतेय."

गाडी येत असल्याची सूचना सुरू झाली. त्याचा खालचा ओठ दाताखाली गेला. भाजीवाली आजी कंटाळून म्हणाली, "अरे दे की उत्तर, पोरगी ताटकळत उभी आहे."

तो वाकला, पार कमरेतून. रेनकोटसमोर वाकला होता त्याहून खाली.

"हो," तो म्हणाला. "माझ्यावर लोभ असू द्या."

मग गाडी आली, तो चढला, आणि दार लागताना आखूड बाहीतला त्याचा हात काचेला टेकलेला दिसला. मी कारखान्यात परत आले आणि दिवसभर एकाही फ्रेमची मोजणी बरोबर केली नाही.

दुपारी त्याचा फोन आला. पेढीची मालकीणबाई सत्तरीची होती, तिनं शेवटी नेहमीचाच प्रश्न विचारला होता. जपानमध्येच का राहायचंय? एरवी तो संस्कृतीवर पाठ केलेलं बोलायचा.

"मग आज काय बोललात?" मी विचारलं.

"खरं ते. म्हटलं, सकाळी साबाएच्या फलाटावर एका मुलीनं मला विचारलं आणि मी हो म्हणालो. आता परत गेलो तर बरं दिसणार नाही."

"देवा. आणि त्या?"

"त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, सोमवारपासून व्हिसाच्या कागदांना लागू या. आणि हो… सकाळी लवकर उठता येतं का ते विचारलं."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, येत नाही. पण साबाएहून गाडी पकडायची तर शिकेन."

मी फोन ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं, सोबा, शिक्का आणि फलाट. बाबांनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे त्यानं माझी नोकरी सोडली ती यासाठी." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी आईला हाक मारली, की रविवारी जेवायला एक माणूस जास्त आहे.

व्हिसा यायला जून उजाडला. पण त्या रविवारी जेवणानंतर आम्ही बाहेर पडलो, निशियामा बागेत गेलो, परत येताना सोबा खाल्ली. कानाएनं नंतर विचारलं, कितव्यांदा गं फिरायला गेलात? मी तिला सांगितलं, पहिल्यांदाच.