जास्तीचा रिंगटोन

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे, बिर्याणीच्या हॉटेलावरच्या माडीवर हयवदनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. 'बॅकअप घेतलाय का?' असं विचारून त्याने वीस वर्षं गिऱ्हाइकांना भंडावून सोडलं होतं, आणि घरात बायकोच्या फोनचा बॅकअप मात्र घेतला नव्हता. क्षमाला जाऊन आठ महिने झाले होते. तिने स्वतः म्हटलेली देवीची पदं त्या फोनमध्ये होती, आणि फोन एका अपडेटनंतर कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसला होता. सगळं पुसून तो चालू करणं पाच मिनिटांचं काम. पण मग क्षमाही पुसली गेली असती.

म्हणून त्याने त्या मॉडेलचं फर्मवेअर उतरवून घेतलं. कारखान्यातून निघताना प्रत्येक फोनमध्ये जे भरलेलं असतं, ते मूळ सॉफ्टवेअर. जो बिघडला तेवढाच भाग त्यातून काढून क्षमाच्या फोनमध्ये बसवायचा होता. कंपनीने ते कुलूपबंद केलेलं. किल्ली शोधण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, ढगाळ दुपारी, कुलूप उघडलं.

फायली एकेक तपासायची त्याची जुनी सवय. रिंगटोनच्या फोल्डरात यादीप्रमाणे एकेचाळीस सूर हवे होते. बेचाळीस होते. शेवटच्याला नावच नव्हतं. त्याने हेडफोन चढवले.

"अहो, जेवलात का?" क्षमा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली.

हयवदनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बऱ्याच वेळाने त्याच्यातला कारागीर जागा झाला. फाइलवर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. क्षमाचा फोन तर त्याने अजून केबललाही लावला नव्हता. त्याने फर्मवेअर दुसरीकडून पुन्हा उतरवलं, उघडलं. फाइल होतीच.

शेजारच्या घड्याळवाल्याला त्याने हाक मारली. "जयतीर्थ, स्वल्प, जरासं हे ऐक रे."

जयतीर्थने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हा आमचा रघुनंदन, अण्णा. माझा धाकटा भाऊ. तळ्यात बुडाला तेव्हा नऊ वर्षांचा होता. कुठे मिळालं हे तुम्हाला?"

"बाईचा आवाज नाही?"

"कसली बाई?"

जयतीर्थने हेडफोन टेबलावर ठेवले आणि तो आपल्या दुकानात गेला. त्याचं शटर भर दुपारी खाली आलं.

हयवदनला भीती वाटायला हवी होती. त्याला हाव सुटली. ज्याला त्याला आपलं गेलेलं माणूस ऐकू येत होतं, म्हणजे हर्षिताला तिची आई ऐकू येणार! आई गेली त्या दिवशी पोरगी शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर होती, वेळेत पोचली नाही. त्यानंतर ती एकदाही रडली नव्हती. त्याने तिला फोन केला.

ती चारला आली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच होतं.

"एवढं काय अर्जंट, अप्पा?"

"बस. आईला ऐक."

त्याने स्वतःच्या हातांनी तिला हेडफोन चढवले आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

पाणी आलं नाही.

तिने हेडफोन काढले. "आई नाहीये यात."

"मग कोण?"

"तुम्ही आहात. मला हाका मारताय."

हयवदन हसला. "अगं, मी तुझ्यासमोर बसलोय की!"

हर्षिता हसली नाही. तिने त्याचा हात हातात घेतला. तिची बोटं मनगटावर नाडी शोधू लागली. थांबली, सरकली, पुन्हा थांबली, पुन्हा सरकली.