हरवले-सापडलेचा कप्पा

चाचणी हिरवी, म्हणजे पास झाली तर पंचनामाबाईंना साहेबांची खुर्ची मिळणार होती, साहेबांना वरचा मजला आणि मला बाईंची खिडकीजवळची जागा. तिघांचं भलं एकाच ओळीत अडकलं होतं.

काम साधं. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बदल झाला, की जुन्या चाचण्या पुन्हा चालवायच्या; फाइली पूर्वीसारख्याच नीट राहतात ना, ते बघायचं. ही चाचणी बाईंनीच लिहिलेली. कोऱ्या डिस्कवर फाइल बनवायची, पुसायची आणि मध्येच वीज तोडायची. मशीन पुन्हा उठलं, की ‘हरवले-सापडले’चा कप्पा रिकामा हवा. बेवारस तुकडे मशीन तिथे आणून टाकतं.

नवं कर्नल आलं आणि कप्प्यात एक फाइल निघाली.

बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नसे. टोपणनाव उगाच नव्हतं पडलं. त्यांनी डिस्क बदलली, केबल बदलली, शेवटी अख्खं मशीन बदललं. फाइल तीच. आत पानंच्या पानं गप्पा.

“माझी थट्टा करताय?” बाईंनी मला विचारलं.

“छे हो! चहा गार झाला तुमचा.”

“होऊ दे. गारच बरा.”

बोलून त्या पडद्याकडे वळल्या. फाइलच्या पहिल्या तीन ओळी म्हणजे आमचं हे आत्ताचंच बोलणं होतं.

पडद्यावर पुढचं वाक्य बाईंचं होतं: “खिडकी लावून घ्या.” वारा आला, कागद उडाले. बाई मुद्दाम ते बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर कधीच पळालो असतो. या बाई चाचणीची चाचणी घेत होत्या.

“बोलायचं की नाही, ते अजून आपल्या हातात आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात साहेब आले. “चाचणी अजून लालच? अहो बाई, जे येतंय तेच अपेक्षित उत्तर म्हणून ठेवा की! सगळे तेच करतात.”

करतात खरे. आमच्या धंद्यातली ती जुनी पळवाट.

“सर, अपेक्षित म्हणजे आपण कबूल केलेलं. मला हे कबूल नाही.”

“खुर्ची नकोय वाटतं?”

“हवी आहे. या भावात नको.” बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. “वाचून तरी बघा. सगळं बोलणं आमचं दोघांचं. तुमचा एक शब्द नाही यात.”

“मग तर मी सुटलो!” साहेब हसले आणि त्यांनी स्वतःच ती फाइल अपेक्षित उत्तराच्या जागी ठेवली.

चाचणी हिरवी झाली.

साहेबांनी आमच्याकडे वळून तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याच्या शिरा तटतटल्या.

आवाज नाही.

मला ओरडायचं होतं. तोंडून फाइलमधलंच निघालं, “बसा ना, सर.”

पुढचं वाक्य बाईंचं होतं. त्यांनी ओठ दातांत गच्च धरले. हनुवटीवर रक्त उतरलं, तरी सोडले नाहीत. असा माणूस मी पाहिला नाही.

वाक्य तरीही ऐकू आलं. स्पष्ट, त्यांच्याच आवाजात.

आता हिशेब. साहेबांना वरचा मजला मिळाला, आवाज गेला. मला खिडकी मिळाली, स्वतःचं बोलणं गेलं. म्हणून तर हे लिहितोय. बाईंनी काहीच घेतलं नव्हतं. त्यांच्याकडूनही वसूल झालं.