चाक फिरेपर्यंत

पहिल्याच भेटीत मी त्याला नखशिखांत भिजवलं, आणि तेही आभाळात ढग नसताना.

त्याचं असं झालं — आमच्या गावच्या जुन्या लोखंडाच्या कारखान्यात पाण्याच्या पाटावरच्या दाराची राखण माझ्याकडे. वसंतात पाला साचतो, तो वाहून जावा म्हणून मी दार उचललं. खाली, मोडक्या पाणचाकाच्या खड्ड्यात, कुणी मोजमाप घेत बसलं असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"पाणी छान आहे," तो थरथरत वर चढला. "कालपर्यंत बर्फ होतं वाटतं?"

"तुम्ही... चाकाचे सुतार का?"

"होतो. आता मासा झालोय."

हसू आवरेना मला. नाव अर्विद. मायब्रिट मावशीने, म्हणजे हा जुना कारखाना जपणाऱ्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, त्याला बोलावलं होतं. चाक नवं करायचं, त्यावर लोखंड ठोकायचा मोठा घण पुन्हा चालवायचा आणि ऑगस्टचा उत्सव झाला की सीमेपलीकडे नॉर्वेला दुसऱ्या कामावर जायचं, असं ठरलेलं.

त्या घणावर काम करून करून आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला धड ऐकू येत नव्हतं. आजोबा आजीशी लाडाने बोलायचे तेही ओरडून, आणि गावभर कळायचं. पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा म्हणे त्या शांततेने लोकांची झोप उडाली. आता मंडळातले काही जण म्हणत होते, चाकबिक कशाला, घणाभोवती कठडा घाला, पाटी लावा, झालं. अर्विद सभेत उठून एवढंच म्हणाला, की घण बघायचा नसतो, ऐकायचा असतो. त्याच दिवशी तो मला आवडला. उगाच आडपडदा कशाला!

मग काय, उन्हाळाभर मी कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन त्याच्याकडे जात राहिले. रंधा चालायचा, ओल्या लाकडाचा वास दरवळायचा. खड्ड्यात उतरण्याआधी तो दर वेळी हात जोडायचा — "बाईसाहेब, दार बंद आहे ना?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. गेलेल्या आजोबांसाठी वाटायचं, चाक लवकर व्हावं. माझ्यासाठी वाटायचं, होऊच नये. तोही चाकाचं एकेक पातं तासत बसायचा, इतका की मावशी म्हणाली, "पाण्यात बुडणाऱ्या फळीला एवढं सजवतोस, तिचं लग्न आहे का?" त्याचे कान लाल झाले. मी कपात बघत राहिले.

उत्सवाच्या दिवशी मी दार उचललं. चाक क्षणभर अडखळलं... आणि फिरलं. घण पडला तशी पायाखालची जमीन हादरली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. माझे डोळे भरून आले. मावशीला वाटलं, आजोबांच्या आठवणीने.

संध्याकाळी तो गाडीत हत्यारं भरत होता.

"चाक एका जागी उभं ठेवू नका," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पाण्यातली बाजू भिजून जड होते, मग ते नीट फिरत नाही. आठवड्यातून एकदा फिरवायला हवं. म्हणून म्हटलं... मीच येत जाईन. शनिवारी."

"नॉर्वेहून?"

"लांब आहे खरं."

"अर्विद, दार उचललं की चाक फिरतं. ते मला येतं. चाकासाठी येणार असशील, तर येऊ नकोस. माझा जीव जडलाय तुझ्यावर. माझ्यासाठी येणार असशील — तर ये."

त्याने हातातला रंधा गाडीत ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं.

"तुझ्यासाठीच, सिग्ने," तो हळूच म्हणाला. "चाकाचं नाव घेणं सोपं होतं, इतकंच."

"मग शनिवारीच कशाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीतली हत्यारांची पेटी उचलली आणि खाली उतरवून ठेवली.