काकांच्या गाडीचा डावा इंडिकेटर

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि शंभर टक्के खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. वाद घालायला मला वेळ नाही.

माझा मामा गाड्यांचं वायरिंग करतो. उभा जन्म त्यातच गेला. भुताखेताचं नाव काढलं की खो खो हसणारा माणूस.

त्या दुपारी धाकटी मावशी गाडी घेऊन त्याच्या गॅरेजात आली. गाडी जुनी, तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या काकांची. वर्षभरापूर्वी काका दगडखाणीच्या पाण्यात सापडले होते. गाडी काठावर उभी होती. का गेले, कसे गेले, कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून मावशी एकटी राहायची आणि मामाचा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

"दादा, डावा इंडिकेटर आपोआप लागतो रे."

"ब्रेक दाबल्यावर?"

"कधी ब्रेक दाबल्यावर. कधी... नुसताच."

"म्हातारी झालीय तुझी गाडी. बडबडते."

मामाने मागचा दिवा उघडला. पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर पार हिरवी पडली होती. करंटला परतायला धड वाट मिळाली नाही की तो भलत्याच दिव्यात घुसतो. जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. त्याने पॉलिश पेपरने पत्रा घासला, वायरचं टोक नवं केलं, बोल्ट आवळला.

ब्रेक दाबून पाहिला. इंडिकेटर गप्प.

"झालं बघ चिमणे! उगाच घाबरतेस."

मावशीचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे आता लागणारच नाही?"

तेवढ्यात...

टिक. टिक. टिक.

गाडी बंद. किल्ली मामाच्या हातात. आणि डावा दिवा उघडमीट करत होता.

मामा घाबरला नाही, चिडला. त्याने डॅशबोर्डखालून फ्लॅशरच उपटून काढला. फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरला टिकटिक करायला लावणारी डबी. ती नसली की ना दिवा, ना आवाज.

आवाज थांबला.

"चल, नवा फ्लॅशर आणू," डबी खिशात टाकत तो म्हणाला. "तू चालव. मी शेजारी बसतो, अजून काही वाजतंय का बघू."

खाणीच्या फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं.

मग...

टिक. टिक. टिक.

मामाने खिसा चाचपला.

डबी खिशातच होती.

मावशीने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं.

"अगं, दुकान सरळ आहे!"

"हे सांगताहेत ना," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "रोज थोडं थोडं पुढे नेतात. काल तर कुंपणापर्यंत नेलं होतं."

समोर खाणीचं मोडकं कुंपण होतं. पलीकडे काळं पाणी. आणि मावशीचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नव्हता.

त्याने जीव खाऊन हँडब्रेक ओढला. गाडी खडीवर घसरत, वाकडी होत, कशीबशी थांबली.

टिकटिक बंद झाली.

"थांबवायचं नव्हतंस रे दादा," मावशी म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मामाने गाडी भंगारात दिली. समोर उभं राहून तिचे तुकडे करून घेतले. मावशीला आपल्या घरी आणलं. "दोष गाडीत होता. गाडी गेली, विषय संपला," असं सगळ्यांना सांगत सुटला. वायरिंगवाला माणूस, दोष गाडीतच शोधणार!

गेल्या महिन्यात एकदा मावशी चालत दोरा आणायला निघाली. मामी मागोमाग होती.

चौकात मावशी थांबली. मान तिरकी करून काहीतरी ऐकत राहिली...

मग डावीकडे वळली. भराभर चालू लागली.

"वन्सं! अहो, कुठे निघालात?" मामीने धावत जाऊन तिचा हात धरला. मावशी तिच्याकडे बघून हसली फक्त.

मामा आता गॅरेज उघडत नाही. दिवसभर घराच्या दारात खुर्ची टाकून बसतो. आत मावशी भाजी निवडत असते, आणि निवडता निवडता मधेच तिची मान तिरकी होते. काय ऐकतेस, असं तिला विचारायची त्याची हिंमत होत नाही.