'अलब्लास' नदीत शिरलं

यानेकेने कॉफी दिली, सोबत एकच बिस्कीट, आणि डबा बंद केला. खोव्हर्टला बरं वाटलं. बाई निदान रोजच्यासारखी वागत होती.

रविवारी चर्चमध्ये टेऊनसाठी प्रार्थना ठेवायची, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्यायला तो आला होता. टेऊन त्याचा थोरला भाऊ, यानेकेचा नवरा. 'अलब्लास' हे गाळ उपसायचं जहाज उत्तर समुद्रात तेरा माणसांसकट बुडालं, त्याला नऊ दिवस झाले होते. स्लीद्रेख्तमध्ये घरटी एक माणूस गाळाच्या जहाजावर; असलं मरण गावाला नवं नव्हतं. पण यानेके ऐकेल तर शपथ! सकाळपासून कॉम्प्युटरवर, चालती जहाजं दाखवणाऱ्या नकाशासमोर ठाण मांडून बसली होती.

"वहिनी, पुरे आता. डोळे जातील."

"भावोजी, हे बघा आणि मग बोला."

नकाशावर 'अलब्लास' चालत होतं. लांबी एकशे बारा मीटर, रुंदी बावीस, वेग सात. समुद्र सोडून नदीत शिरलं होतं.

"यंत्राचा घोळ असेल. ठिकाण उपग्रहावरून आपोआप येतं, त्यात काय एवढं?"

"आणि खोली?"

खोली म्हणजे जहाज पाण्यात किती बसलंय तो आकडा. पोटात गाळ भरला की आठ, ओतून टाकला की साडेचार. तो मात्र सुकाणूपाशी उभं राहून कोणीतरी हाताने टाकावा लागतो, आणि निम्मे लोक विसरतात. खोव्हर्ट स्वतः वीस वर्षं विसरत आला होता, थोरल्याच्या शिव्या खात. टेऊन कधीच विसरला नाही.

"सकाळी आठ होता," यानेके म्हणाली. "दुपारी साडेचार झाला. ओतलं त्यांनी."

खोव्हर्टने वाकून आकडा पुन्हा वाचला. "कोणीतरी चावटपणा करतंय," तो म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते पटलं नाही.

तिने उठून कोट चढवला. "सूप मंद आचेवर आहे, लक्ष ठेवा. मी धक्क्यावर जाते."

"वहिनी, नका जाऊ!"

"अहो, सहा आठवड्यांनी नवरा घरी येतोय माझा!" ती हसली, नऊ दिवसांत पहिल्यांदा. ते हसू बघून त्याला तिला अडवायचा धीर झाला नाही.

खिडकीतून नदी स्वच्छ दिसत होती. चार वाजले होते, ऊन होतं. पाण्यावर जहाज कुठेच नव्हतं. नकाशावर ते घरासमोर होतं.

मग धक्क्याचं पाणी खाली ओढलं गेलं. दोन शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. मोठं जहाज काठाजवळून गेलं की पाणी असंच ओढलं जातं. बांधलेल्या होड्या कलल्या, दोर ताणले.

धक्क्यावर उभ्या यानेकेने हात वर केला.

खोव्हर्ट धावला. जिना, दार, रस्ता.

पाणी परत आलं होतं. धक्क्यावर कोणी नव्हतं.

हाका मारून घसा बसला तेव्हा तो घरात आला. नकाशावरचं जहाज वळून समुद्राकडे निघालं होतं. वेग सात, खोली साडेचार.

खाली जहाजावरच्या माणसांचा रकाना होता. तोही हातानेच भरावा लागतो.

चौदा.