डाव्या सीटवरचं तोंड

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. जिच्यासोबत घडली ती माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी बरणी फोडली तरी तीच आधी रडायची.

मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. भुताखेतांची वेळच नव्हे.

ताई एका टीव्ही कार्यक्रमाच्या ऑफिसात काम करते. निर्मनुष्य माळरानातून तीन-तीन दिवस ट्रक हाकणारे ड्रायव्हर, केबिनमध्ये लावलेले कॅमेरे, असा तो कार्यक्रम. ताईचं काम तोंडं झाकायचं. पडद्यावर दिसणाऱ्या ज्या माणसाने परवानगीच्या कागदावर सही केली नसेल, त्याचं तोंड धूसर करायचं. चित्रात तोंड दिसलं की मशीन त्याभोवती पिवळी चौकट काढतं. ताई बटण दाबते. दिवसाला चारशे तोंडं. संध्याकाळी तिला घरच्यांचीही तोंडं नकोशी होतात.

त्या आठवड्यात कामाचा नुसता डोंगर होता. तीन रात्री जेमतेम चार-चार तास झोप. तीन वाजेपर्यंत भाग पुढे पाठवायचाच, म्हणून साहेब डोक्यावर बसलेले.

समोर आदल्या दिवशीचं चित्रण चालू होतं. मास्तर गाडी चालवत होते. हे कार्यक्रमातले सर्वांत जुने ड्रायव्हर. गिअर कसा टाकायचा हेही वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. केबिनमध्ये ते एकटेच होते.

मशीनने त्यांच्या तोंडाभोवती चौकट काढली.

आणि मग... दुसरी.

शेजारच्या रिकाम्या सीटवर.

ताईने चष्मा पुसला. सीटवर फक्त एक टॉवेल होता. मशीन बिघडलं असेल म्हणून तिने चित्रण पुढे सरकवलं.

मास्तर दमलेले दिसत होते. बोलता बोलता गप्प झाले. मान किंचित खाली आली. डोळे मिटले...

ती चौकट हलली.

सीटवरून सरकत सरकत मास्तरांच्या कानाशी गेली. मास्तर दचकून जागे झाले. चौकट परत जागेवर.

असं त्या दिवसाच्या चित्रणात पाच वेळा झालं.

 ताईने मास्तरांना फोन लावला. मास्तर शेवटच्या पंपावर डिझेल भरत होते. त्यापुढे फोनला रेंज नव्हती.

"मास्तर, काल तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? एकटाच आहे की मी."

"मशीन तिथे अजून एक तोंड दाखवतंय."



"डाव्या सीटवर का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "मग धाकटा असेल माझा."

मास्तरांचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"अकरा वर्षं जोडीने गाडी चालवली आम्ही. माझा डोळा लागला की कानाशी येऊन म्हणायचा, 'दादा, रस्ता.' अजूनही म्हणतो. त्याच्या भरवशावर तर निघतो मी. त्याचं तोंड झाकू नकोस हं, पोरी. चिडेल तो. कागद लागत असेल तर त्याच्या नावाने मी सही करतो."

"बरं," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला तर साहेब दारात उभे. "झालं का?"

प्रत्येक चौकटीचा निकाल लावल्याशिवाय मशीन भाग पुढे पाठवू देत नाही. कागदाचा नंबर टाका, नाहीतर धूसर करा. नंबर कुठून आणायचा? तिचे डोळे चुरचुरत होते. रिकाम्या सीटवर एक डाग पडला तर कुणाचं काय बिघडणार होतं?

तिने बटण दाबलं. वर 'सगळीकडे' हाही पर्याय निवडला. म्हणजे ते तोंड पुन्हा कधी विचारायला नको.

अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मशीनमध्ये नोंदली गेली.

संध्याकाळी फोन आला. मास्तरांचा ट्रक रस्ता सोडून खड्ड्यात गेला होता. जीव वाचला, पाय मोडला.

तीन दिवसांनी त्या मंगळवारचं चित्रण आलं. ताईने ते उघडलं.

पंपावरून गाडी निघाली. डाव्या सीटवर एक धुरकट डाग होता. ती दचकली, पण मशीनने सांगितलेलं कामच केलं होतं. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. अकरा अठरा. अकरा एकोणीस.

डाग कॅमेऱ्याकडे वळला...

अकरा वीस.

सीट रिकामी झाली.

त्यानंतर तासाभराने मास्तरांचे डोळे मिटले. मान खाली आली. कानाशी कुणीच गेलं नाही. ताई पडद्यावर हात आपटून ओरडली, "मास्तर, उठा!" शेजारच्या टेबलावरचे लोक बघत राहिले.

ती दवाखान्यात भेटायला गेली. मास्तर छताकडे बघत पडले होते.

"त्या दिवशी धाकटा आलाच नाही गं," ते म्हणाले. "रुसला असेल. तू त्याचं तोंड झाकलं नव्हतंस ना?"

"नाही," ताई म्हणाली.

आयुष्यातली पहिली थाप. तिची तिलाच शरम वाटते.

परत येऊन तिने तो डाग पुसायचा खूप प्रयत्न केला. मशीन दर वेळी कागदाचा नंबर मागतं. मास्तरांनी गाडी कायमची सोडली.

आणि ताईची झोप गेली. नोकरी तीच, तोंडं तीच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रोज अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागतो, आणि लागता लागता कानाशी कुणीतरी अगदी हळू बोलतं...

"ताई, रस्ता."

परवा माझ्याकडे आली होती. चहा तसाच गार झाला. म्हणाली, "मी तर पलंगावर झोपलेली असते रे. मग हा कुठला रस्ता दाखवतोय?"

 तेव्हापासून मीही नीट झोपलेलो नाही.