घर तुमचंच समजा

नाही पटणार. आधीच सांगून ठेवतो, कॉव्हेंट्रीच्या या हॉलमधला एकही माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. ती बघा, कोपऱ्यातली शशी मी तोंड उघडायच्या आतच हसायला लागली. हस बाई. पण हातातला चहा संपेपर्यंत ऐक.

सुप्रभा नावाची एक पुण्याची मुलगी. लग्न होऊन दोन हजार चारच्या सप्टेंबरात बेसिंगस्टोकला आली. नवरा गिरीश तिथल्या बिझनेस पार्कात कामाला. सकाळच्या धुक्यात जायचा, अंधार पडल्यावर यायचा. घर भाड्याचं, तांबड्या विटांचं, रांगेतल्या बाकी घरांसारखंच. रेडिएटर टकटक करायचे, काचा आतून घामेजायच्या, आणि दुपार कलली की उजेड पाणी घातलेल्या ताकासारखा होऊन जायचा. रस्त्यावर चेस्टनटची पानं चिकटून बसलेली.

सुप्रभाचं मागणं एकच. कुणीतरी हा उंबरा ओलांडून आत यावं. माहेरी बेल वाजवायची पद्धतच नव्हती, माणसं हाका मारत शिरायची. इथे पोस्टमनसुद्धा दाराच्या फटीतून पत्रं ढकलून पळायचा.

शेजारच्या मार्गारेटबाई एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "एकदा चहाला यायलाच हवं हं तुम्ही."

झालं! सुप्रभाने दुसऱ्याच दिवशी करंज्या तळल्या, चांगली साडी नेसली आणि बरोब्बर चार वाजता जाऊन बेल दाबली. दार वीतभर उघडलं.

"ओह," मार्गारेटबाई म्हणाल्या. "आज ठरलं होतं का आपलं?"

करंज्या आत गेल्या, सुप्रभा बाहेर राहिली. दुसऱ्या दिवशी ताट पायरीवर होतं. लख्ख धुतलेलं आणि रिकामं. त्यात साखरेचा कणसुद्धा नाही.

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं," गिरीश म्हणाला.

"मनात नसेल तर म्हणायचं कशाला?"

"कर्टसी म्हणून. आता तू पण शीक जरा." आणि तो लॅपटॉपकडे वळला.

सुप्रभाच्या ते फार जिव्हारी लागलं. आपण असलं पोकळ बोलायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. बाहेर करड्या कोटातली एक बाई. वय सांगता येऊ नये अशी. कोटाला कुजक्या पानांचा ओला वास, आणि पाऊस तर चार दिवसांत नव्हता. बाईने नाव सांगितलं नाही, काम सांगितलं नाही. सुप्रभानेही विचारलं नाही. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, नाव मग विचारायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

"आत या ना. बसा."

आलं घालून चहा केला. बाईने कप हातात धरला आणि चहाची वाफच थांबली. प्यायली नाही. घर मात्र नीट बघून घेतलं: मिसळणाचा डबा, लग्नाचा फोटो, हुकाला टांगलेल्या किल्ल्या.

निघताना सुप्रभाने आपल्याकडचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं. "परत या. हे घर तुमचंच समजा."

बाई थबकली. पहिल्यांदाच बोलली. "हे तुम्ही मनापासून म्हणताय?"

भिंतीपलीकडे मार्गारेटबाईंचा टीव्ही चालू होता. तिकडे ऐकू जावं म्हणून सुप्रभाने आवाज चढवला.

"अगदी मनापासून!"

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. सुप्रभा आंघोळ करून खाली आली, तर बाई सोफ्यावर बसलेली. कोट खुंटीला. मग एकदा मिसळणाचा डबा वरच्या फळीवर गेला, सुप्रभाचा हात पोचणार नाही इतका वर. मग लग्नाचा फोटो भिंतीकडे तोंड करून बसला. बाई रोज थोडी उशिरा जाऊ लागली. आलेल्याला 'जा' कसं म्हणायचं, हे सुप्रभाला कुणी शिकवलंच नव्हतं.

"एक बाई येऊन बसते रे," तिने गिरीशला सांगितलं.

"बरंच आहे की. तुला कंपनी." त्याने आमटी भुरकली. "आज गूळ नाही घातलास? छान लागतेय."

"आमटी मी केलीच नाहीये."

तो जेवत राहिला.

दोन दिवसांनी ती जिना उतरत होती. खालून गिरीशचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ. "हल्ली कमी बोलतेस तू. बरं वाटतं."

सुप्रभा अजून जिन्यातच होती.

मग एके दुपारी ती दूध आणायला कोपऱ्यावर गेली. परत आली तर किल्ली फिरेना. तिने बेल दाबली.

दार वीतभर उघडलं. आत बाई. अंगात सुप्रभाचा हिरवा स्वेटर, केसांची वेणी. दारावर काही विकायला आलेल्याकडे बघावं तसं बाईने तिच्याकडे बघितलं, सौजन्याने हसली आणि दार लावून घेतलं.

अंधार पडला. गिरीश आला.

"गिरीश! अरे, मी इथे आहे!"

त्याने कॉलर वर केली, वारा लागल्यासारखी.

दार त्याच्यासाठी आतून उघडलं.

मग काय? मग गिरीशच्या डोक्यात प्रकाश पडला. धावत बाहेर आला, बायकोला आत घेतलं, त्या बाईला हाकललं. तीन वर्षं झाली, आता तिथेच सुखाने नांदताहेत दोघं. चला, चहा गार झाला तुमचा.

शशीचं हसणं मघाशीच थांबलं होतं.

"काका, खोटं बोलताय."

"कुठलं गं?"

"शेवटचं. मी बेसिंगस्टोकहूनच आलेय, गिरीश माझ्याच ऑफिसात आहे. परवा जेवायला गेले होते मी त्यांच्याकडे. नाव सुप्रभाच सांगतात वहिनी." तिने कप खाली ठेवला. "पण मराठीचं एक अक्षर येत नाही त्यांना."